भयमहालाची पाटी

अण्णा,

शेठ भयमहालावर नवी पाटी लावणार आहेत. वर तुमचं नाव, मधे फोटो आणि खाली ‘भयमहालाची दहा गुपितं’. तुमच्या दहाव्याहून परत येताना त्यांनी गाडीतच सांगून टाकलं. “महानंदाबाई, मजकूर तुम्हीच लिहून द्या. तुमच्याएवढं कुणाला माहितंय?” सोमवारी पार्कला सुट्टी असते, तेव्हा पेंटर येणार आणि मंगळवारपासून भयमहाल पुन्हा सुरू. मी लगेच हो म्हटलं. ज्या नावासाठी बारा वर्षं तुमच्याशी आणि शेठशी भांडले, ते असं आयतं पदरात पडतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? घरी आले, भाचीच्या वहीतला कागद फाडला आणि वर तुमचं नाव लिहिलं. दोन दिवस झाले, कागद तिथेच अडलाय.

म्हणून आधी तुम्हाला लिहिते. शेवटचे पाच महिने आपण धड बोललो नाही. तुम्ही तो राग घेऊनच गेलात की वाटेत कुठे टाकून गेलात, हे मला माहीत नाही. तुमच्याकडून एरवी एका वाक्याला दोन वाक्यं परत यायची. आता काहीच येणार नाही आणि मला त्याचीच सवय होत नाहीये.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. शेठनी कुठल्याशा बंद पडलेल्या पार्कातून भूतबंगला उचलून आणला होता. सहा डबे, गंजलेले रूळ आणि प्लास्टरची भुतं. त्यातल्या निम्म्यांची नाकं ट्रकमध्येच गेली होती. बाहेर मात्र नवीकोरी पाटी: ‘भयमहाल, परदेशी तंत्रज्ञानाचा थरार’. मी तिकिटाच्या खिडकीत बसायची आणि माईकवर ओरडून गिऱ्हाईक बोलवायची, मराठीत आणि अक्कलकोटकडची माणसं दिसली की कानडीत, “बर्री, बर्री.” तुम्ही आलात ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत नटबोल्टचे पाने आणि जेवणाचा डबा. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर होतात, म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारे. कारखाना बंद पडला होता. शेठनी तुम्हाला आत नेलं. अर्ध्या तासानं बाहेर आलात, कपाळ पुसलंत आणि म्हणालात, “आत भूत एक बी न्हाय. सगळं भंगार हाय.”

मी हसले. मी हसते तशी, म्हणजे पलीकडच्या पाळण्यावरचा माणूसही वळून बघतो तशी. तुम्ही थांबलात, माझ्याकडे पाहिलंत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, “अम्मा, पुन्हा एकदा हास बरं.” मला वाटलं, हा माणूस काही बरा दिसत नाही. पण तुम्ही पुढचे आठ दिवस काही ना काही बोलून मला हसवत राहिलात आणि तिसऱ्या आठवड्यात भयमहालातली चेटकीण माझ्या आवाजात हसायला लागली. फोन डब्याच्या पिशवीत लपवून तुम्ही माझं हसणं भरून घेतलं होतं. मी भांडायला आले, तर म्हणालात, “सोलापुरात यापेक्षा भयंकर हसणं मिळालं न्हाय, मी तरी काय करू?” त्या दिवशी मी घरी जाऊन आरशापुढे हसून बघितलं. तुमचं बरोबर होतं.

कागदावर हे एक नंबरला घालायचं, असं ठरवलंय.

मग चेटकिणीचा हात. तो अंधारातून सप्पकन येतो आणि कानाजवळून जातो. तो हात नाहीच, मागावर सूत नेणाऱ्या धोट्याला फटका मारणारा लाकडी दांडा आहे. बंद कारखान्यातून तुम्ही तो मागून आणला, त्याच्यावर कापूस आणि रबराचा हातमोजा चढवला. तोंडावर जे ओलं ओलं लागतं आणि बायका ‘ई’ करून ओरडतात, ते सूत. रोज सकाळी बादलीत भिजवून तुम्ही ते वरच्या तारेला बांधायचात. भुताचे केस म्हणजे काळ्या रंगात बुडवलेलं वाया गेलेलं सूत. सापाचा फुत्कार तुमच्या घरचा, पद्मावहिनींच्या जुन्या कुकरचा. मागच्या खोलीतल्या स्विचांवर तुम्ही तेलुगूत नावं लिहिलीत, म्हणजे तुमच्याशिवाय कुणी आतल्या भुताला हात लावणार नाही. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण कुठला स्विच कुठलं भूत उठवतो हे जागेवरून पाठ झालं होतं. परदेशी तंत्रज्ञान म्हणे. मी त्यावरून चिडले की तुम्ही म्हणायचात, “खोटं काय हाय त्यात? माझा आजोबा तेलंगणातून आला, मी परदेशीच की.”

तुमची सगळ्यात मोठी करामत तिसऱ्या वळणावरची. तिथे डबा थांबतो. चार श्वास होतील एवढा वेळ गाडी हलत नाही, आवाज नाही, काही नाही, आणि लोकांना वाटतं गाडी बंद पडली, आता आपण अंधारात अडकलो. सगळ्यात जास्त ओरडा तिथेच व्हायचा. खरं तर आधी ती चूक होती. तिथे रुळाचा सांधा ढिला होता. जॉबर माणूस, पहिल्याच आठवड्यात तुम्ही तो ठोकून सरळ केलात आणि गाडी लोण्यासारखी जायला लागली. मग दोन दिवस तुम्ही मागच्या खोलीत फळीला कान लावून बसलात. तिसऱ्या दिवशी उठलात, पाना घेतलात आणि सांधा पुन्हा ढिला केलात. बाहेर येऊन मला म्हणालात, “आयुष्यात पहिल्यांदा चालतं मशीन बिघडवलं बघ.” तुम्हाला ते लागलं होतं. जेवायला बसलात तरी भाकरीचा तुकडा हातातच होता.

तुमचं काम ऐकण्याचं होतं, हे मला कळायला वर्ष लागलं. कारखान्यात चाळीस माग एकदम धडधडत असताना तुम्ही दारातून ओळखायचात, कुठला माग आजारी आहे. इथे तुम्ही लोकांचं ओरडणं तसं ऐकायचात. मागच्या खोलीत स्टुलावर बसून, डोळे मिटून. “दुसऱ्या डब्यातला गडी खोटं ओरडला,” म्हणायचात. “पोरीला दाखवायला.” किंवा, “ती बाई घाबरली न्हाय, रडलीया. तिला बाहेर पाणी दे.” मी पाण्याचा तांब्या घेऊन जायची आणि खरंच ती बाई रडत असायची.

खांडेनवमीला तुम्ही भयमहाल बंद ठेवायचात, यावरून आपलं दर वर्षी वाजायचं. सुट्टीचा दिवस, मंद्रूपपासून टेंभुर्णीपर्यंतची माणसं येणार, आणि हा बाबा आत भुतांना फुलं वाहतोय. चेटकिणीच्या हाताला कुंकू, सांगाड्याच्या गळ्यात झेंडू, कुकरलासुद्धा हळद. “हत्यारं हायत माझी,” म्हणायचात. “वर्षात एक दिवस त्यांनी कुणाला भ्या दाखवायचं न्हाय.” मी खिडकीत बसून गिऱ्हाइकांना परत पाठवायची आणि मनात तुम्हाला शिव्या घालायची. पण प्रसादाचा पेढा घ्यायला मीच पहिली यायची, हेही खरं.

आणि नावाचं भांडण. त्याला तर बाराही महिने मुहूर्त असायचा. मी म्हणायची, अण्णा, एवढं सगळं तुम्ही केलं आणि पाटीवर परदेश. लोकांना कळू दे की हे आपल्या पूर्व भागातल्या, मागवाल्यांच्या वस्तीतल्या माणसानं केलंय. तुम्ही म्हणायचात, “चादरीवर कंपनीचा छाप असतो, जॉबरचं नाव असतंय का?” मी म्हणायची, असायला पाहिजे. तुम्ही म्हणायचात, “अम्मा, भुताच्या घरावर माणसाचं नाव लिवलं की आत माणूसच दिसतो.” मला ते तेव्हा पटलं नाही. तुम्ही आयुष्यभर मागं मागं राहिलात म्हणून तुम्हाला तसं वाटतं, असं मी तोंडावर बोलले होते. तुम्ही चहाचा कप घेऊन आत गेलात.

आता दिवाळीच्या सुट्टीतलं. हे लिहायचं म्हणूनच कदाचित मी दोन दिवस लिहीत नव्हते.

ती मुलगी आली, फोनवर व्हिडिओ करणारी. गोड बोलायची, मला ‘ताई’ म्हणायची. म्हणाली, भूतबंगल्याच्या मागची गोष्ट सांगाल का, आमच्या सोलापूरची गोष्ट लोकांना कळली पाहिजे. अण्णा, बारा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते ती बोलली. तुम्ही त्या दिवशी वहिनींना दवाखान्यात घेऊन गेला होतात. मी मोटर चालवणाऱ्या सलीमला डबे थांबवायला सांगितलं आणि आतले दिवे लावले. तुमच्या बारा वर्षांत मी तिथे दिवे लागलेले पाहिले नव्हते. पत्रे, तारा, सुतळ्या, कोपऱ्यात बादली. तरी मी थांबले नाही. हात उचलून दाखवला, कुकर दाखवला, सांधा दाखवला. हसूनही दाखवलं. आणि शेवटी सांगाड्याजवळ गेले.

सांगाड्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही. तुमचीही नव्हती. ती मागात गेली होती, तुम्ही पंचवीस वर्षांचे असताना. सांगाडा करताना तुम्ही त्याचं तेवढं बोट केलंच नाहीत. मला एकदाच सांगितलं होतंत, पावसात पार्क रिकामं असताना, तेही अर्धं. ते मी फोनसमोर पूर्ण सांगितलं. तुमचं नाव घेतलं, तीन वेळा. आवाज भरून आला होता माझा, अभिमानानं. तो अभिमान खरा होता, हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही.

व्हिडिओ चार दिवसांत सगळीकडे गेला. माणसं रांगा लावून आली. शेठ खूश. आणि आत कुणी ओरडेना. डब्यात बसल्याबरोबर फोनचे दिवे लागायचे. “ती बघ काठी.” “इथं थांबतंय बघ, सांधा ढिला हाय.” पोरं माझ्या खिडकीशी येऊन म्हणायची, काकू, हसून दाखवा की. तिथपर्यंत मी निभावून नेलं. पण मग लोक मागच्या खोलीच्या दाराशी यायला लागले, तुमचा हात बघायला. एकानं तर फोटो काढताना तुम्हाला हात थोडा वर धरायला सांगितला. तुम्ही धरलात. मी ते खिडकीतून पाहिलं, अण्णा. दुसऱ्या दिवसापासून तुमचा डावा हात पँटच्या खिशात असायचा, चहा पितानाही.

मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. मी तयारीही करून ठेवली होती. तुमचं नाव जगाला कळलं त्यात माझं काय चुकलं, असं म्हणणार होते. पण तुम्ही एवढंच म्हणालात, “मागं बसलो की काय बी ऐकू येत न्हाय आता.” आणि त्या दिवसापासून मला ‘मॅडम’ म्हणायला लागलात. मॅडम, तिकिटं झाली का. मॅडम, पाणी आलंय. शिवी दिली असतीत तर मी परत दिली असती. ‘मॅडम’ला काय उत्तर देणार?

मी त्या मुलीला फोन करून व्हिडिओ काढून टाकायला लावला. तिनं बिचारीनं लगेच काढून टाकला, माफीही मागितली. पण तोवर पन्नास जणांनी तो उचलून आपापल्या नावावर टाकला होता. हे मी तुम्हाला सांगायला आले होते, जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू होती आणि आपल्याकडे शुकशुकाट होता तेव्हा. तुम्ही रुळाला तेल घालत होतात. मी म्हटलं, “अण्णा, काढून टाकायला लावला मी तो व्हिडिओ.” तुम्ही वर न बघता म्हणालात, “बरं केलंत मॅडम.” मला ‘चुकलं माझं’ म्हणायचं होतं. पण तुमचं ते ‘केलंत’ ऐकून मला राग आला. मी वळले आणि निघून गेले. शब्द दोनच होते.

हे इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. आज मंगळवार.

रविवारी कागद पूर्ण केला. दहाच्या दहा. तुमच्या करंगळीचं सोडून. त्याऐवजी खांडेनवमीचं घातलं. म्हटलं, यात वाईट काय आहे, नाव तर राहील. सोमवारी सकाळी कागद घेऊन पार्कात गेले. पेंटर यायचा होता. शेठ म्हणाले, तोवर एक फेरी मारून बघा, सगळं चालतंय ना. भयमहाल मार्चपासून बंदच होता. परीक्षांचे दिवस, गर्दी नाही, म्हणून तुम्ही दुरुस्तीला घेतला होता. रोज सकाळी पोत्यात काहीतरी गुंडाळून आणायचात आणि दार लावून आत बसायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, “काय न्हाय मॅडम, ऑइलिंग.” मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून आत बसतायत. तुमच्या शेवटच्या रविवारी दुरुस्ती झाली म्हणालात. सोमवारी सुट्टी. मंगळवारी सकाळी पद्मावहिनींचा फोन आला.

मागच्या खोलीत गेले. स्टूल होतं, त्यावर घडी केलेला टॉवेल. एकेक स्विच लावला. शेवटी एक नवा होता. त्याच्यावर तेलुगूत काही नव्हतं, मराठीत काही नव्हतं. मी तोही लावला. सलीमला मोटर चालू करायला सांगितलं आणि एकटी डब्यात बसले.

पहिलं वळण, सूत कोरडं, बरोबर, भिजवायला कोण होतं. माझं हसणं आलं, हात आला, कुकर आला. मी डोळे उघडे ठेवून बसले होते, रडत होते म्हणा. सगळं ओळखीचं. तिसऱ्या वळणावर थांबा आला, मी चार श्वास मोजले, गाडी निघाली.

आणि मग त्याच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं, जिथे बारा वर्षं नुसता काळा पत्रा होता, तिथे मी ओरडले. साधं नाही, आतड्यापासून. पुढची दांडी इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठले. डबा बाहेर आला तेव्हा सलीम धावत आला. “क्या हुआ अक्का? गिर गए क्या?” मी मागच्या खोलीकडे पाहिलं. माझी गफलत झाली, अण्णा. क्षणभर मला वाटलं, तुम्ही दार उघडून बाहेर याल आणि म्हणाल, ही खरी ओरडली. दाराला मीच बाहेरून कडी घालून आले होते.

तुम्ही काय केलंय तिथे, ते मी नंतर दिवा न लावता, हातानं चाचपून समजून घेतलं. काय आहे ते इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे आणि आता मला. ते करायला तुम्हाला किती दिवस लागले असतील, चार बोटांच्या हातानं, हे मात्र हाताला कळलं. लोकांनी दहा गोष्टी शोधून काढल्या म्हणून तुम्ही रुसून बसला नव्हतात, अकरावी करत होतात. मी दाराबाहेर बसून तुम्हाला हट्टी म्हातारा म्हणत होते.

ती तुम्ही मला सांगितली नाहीत. हे मला फार लागलंय, खोटं कशाला बोलू? पूर्वी साधा नवा खिळा मारलात तरी आधी मला बोलवायचात. मला घाबरवायचं म्हणून सांगितलं नाहीत, की मी पुन्हा कुणाला सांगेन म्हणून सांगितलं नाहीत? रात्रीपासून मी दोन्ही बाजूंनी विचार करतेय. पद्मावहिनींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत? घरी भुताचं बोलायचं न्हाय म्हणून मीच सांगितल्यालं.” मग म्हणाल्या, “तुझं नाव मात्र काढत हुते. महानंदा हसायची बंद झालीया म्हणायचे.” मी फोन ठेवला.

पेंटर आला. शेठनी कागद मागितला. मी म्हटलं, शेठ, गुपितं नको. एकदा दहा लिहिली की माणूस अकरावं शोधत आत जातो. शेठ चांगले आहेत, हसले आणि म्हणाले, “बरं, गुपितं राहू द्या. नुसतं नाव आणि फोटो टाकू. तेच तर तुम्हाला पाहिजे हुतं की.”

नुसतं नाव. अण्णा, मी तिथे उन्हात उभी होते आणि मला तेच हवं होतं. आजही हवं आहे. मग शेठनी पेंटरला स्पेलिंग नीट दिसावं म्हणून सहज फोनवर तुमचं नाव टाकलं, आणि पहिलाच आला तो व्हिडिओ. माझाच आवाज. लागलेले दिवे. मी सांगाड्याचा हात धरून उभी. तुमच्या नावाला मी तो चिकटवून ठेवलाय, आणि तो आता निघत नाही. पाटीवर नाव वाचणारा प्रत्येक माणूस ते फोनवर टाकणार आणि आत जाण्याआधी तुमचं बोट बघणार. तुम्हाला नाव मिळू नये अशी व्यवस्था दुसऱ्या कुणी नाही केली, ज्या बाईला ते सगळ्यात जास्त हवं होतं तिनंच केली.

“नको शेठ,” मी म्हटलं. “जुनी पाटीच रंगवा नव्यानं.”

“परदेशीच?”

“व्हय. परदेशीच.”

शेठ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. पेंटरनं ब्रश काढला आणि ‘परदेशी’तला ‘प’ गिरवायला लागला. मी कागदाचे तुकडे करून पर्समध्ये ठेवले, कारण तिथे टाकायला मन होईना. चुकलं माझं, अण्णा. हे मी आता मोठ्यानं म्हणू शकते, रोज म्हणते, भाजी चिरताना म्हणते. त्याचा आता कुणाला उपयोग नाही. तरीही नावाचं मला पटलेलं नाही, हे सांगून ठेवते. तुमचं नाव असायला हवं होतं. भांडण संपलेलं नाही.

आज सकाळी लवकर गेले, सूत भिजवून तारेला बांधलं. तुमच्यासारखी गाठ येत नाही, दोन धागे सुटून पडले. दहा वाजता पहिली खेप. मंद्रूपकडचं कुटुंब होतं, सून, दोन पोरं आणि एक आजी. आजीला कुणी चढू देत नव्हतं, ती ऐकेना. पोरांनी आत जातानाच फोन बाहेर काढले होते, गुपितं शोधायला. मी खिडकी सलीमकडे सोपवली आणि मागच्या खोलीत जाऊन फळीला कान लावला.

चेटकिणीच्या हाताला पोरं हसली. थांब्यावर एकजण म्हणाला, “सांधा हाय त्यो.” मग गाडी निघाली आणि मग चौघंही एकदम ओरडली. एकही खोटं नव्हतं. मला तुमच्याएवढं कळत नाही, पण एवढं कळलं.

बाहेर आल्यावर पोरं गप्प होती, फोन खिशात. आजी मात्र थेट माझ्याकडे, मागच्या खोलीच्या दाराशी आली. अजून धाप लागली होती, डोळे मोठे, आणि गाल असे उजळलेले की तिचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं. माझं मनगट धरून म्हणाली, “बाई गं, जीव गेला हुता माजा. कुणी केलंय गं हे?”

तुमचं नाव माझ्या जिभेवर होतं.

“कुणी न्हाय आजी,” मी म्हटलं. “त्ये आधीपास्नंच हितं हाय.”

आजीनं माझं मनगट सोडलं, पदर डोक्यावर घेतला आणि नातवाचा हात धरून भराभरा उसाच्या रसाच्या गाडीकडे निघाली. मी खिडकीत येऊन बसले, पडदा ओढला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. बाहेर सलीम पुढच्या खेपेची तिकिटं फाडत होता.